पीटीटी दाबलं की ऐकू येतं: लिनिअरमधल्या रिलेचं दुखणं

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: हॅम रेडिओच्या सेटची पॉवर वाढवणारा, दोन ट्यूबचा जुना लिनिअर ॲम्प्लिफायर, बरीच वर्षं बिनतक्रार चाललेला. हल्ली सेट लावला की बँड मेल्यासारखा वाटतो. एकदा पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबून सोडलं की स्टेशनं परत येतात, पण थोड्या वेळाने आवाज पुन्हा बसतो. एक मित्र म्हणतो रिलेच्या कॉन्टॅक्टवर बारीक पॉलिश पेपर मार, दुसरा म्हणतो रिलेच बदलून टाक.

तूर्तास दोघांचंही ऐकू नका. तुम्ही सांगितलेलं लक्षण इतकं ठरावीक आहे की ॲम्प्लिफायर न बघताही दुखणं साधारण कळतं, आणि बहुतेक वेळा ते कागदाच्या एका पट्टीवर निभावतं. मात्र निदान पक्कं झाल्याशिवाय झाकण उघडू नका.

आधी रिलेच्या, म्हणजे अँटेना रिसिव्ह आणि ट्रान्समिटच्या मार्गांत फिरवणाऱ्या चुंबकी स्विचच्या, नशिबी काय काम आलंय ते बघा. एस-९ चा (सेटच्या एस-मीटरवर जोरदार दिसणारा) सिग्नल म्हणजे ५० ओहमवर ५० मायक्रोव्होल्ट. त्याच कोॲक्स केबलमधून तुम्ही १००० वॉट पाठवता तेव्हा तिथे सुमारे २२४ व्होल्ट आणि साडेचार अँपिअर असतात. म्हणजे एकाच रिलेने सेकंदभराच्या अंतराने पंचेचाळीस लाख पटींचा फरक सांभाळायचा. चांदीच्या कॉन्टॅक्टवर हवेतल्या गंधकाने हळूहळू सल्फाइडचा काळपट थर चढतो. ट्रान्समिटच्या व्होल्टेजला हा थर म्हणजे काहीच नाही, ते त्याला फोडून जातं. रिसिव्हच्या मायक्रोव्होल्टांना मात्र तीच भिंत होते. शिवाय रिसिव्हचा मार्ग रिलेच्या नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टमधून जातो, आणि तो दाबून धरायला कॉइलचं चुंबक नसतं, फक्त परतीची स्प्रिंग असते. स्प्रिंग वयाने सैल पडली की दाब आणखी कमी होतो. म्हणून रिले म्हातारा व्हायला लागला की आधी कान जातात. ट्रान्समिट पुढे कितीतरी दिवस ठणठणीत चालतं, आणि माणूस बिचारा प्रॉपगेशनला (लहरी दूरवर पोचण्याच्या परिस्थितीला) दोष देत बसतो.

आता निदान. पहिल्यांदा ॲम्प्लिफायरच बाजूला काढा. त्याचे दोन्ही कोॲक्स एका जोडणीच्या कनेक्टरने थेट जोडा आणि दोन-तीन दिवस ऐका. आवाज तरीही बसत असेल तर रिले निर्दोष आहे. प्लगमधला कोरडा सोल्डर, अँटेना स्विच किंवा ट्रान्सीव्हरमधला, म्हणजे सेटमधला, त्याचा स्वतःचा रिले, यांपैकी कोणीतरी गुन्हेगार निघेल. हे मी इतकं आग्रहाने सांगतोय कारण मीच एकदा लिनिअरचे दोन्ही रिले उतरवून, घासूनपुसून परत बसवले होते आणि दोष पॅच कॉर्डच्या प्लगमध्ये निघाला होता.

आवाज ॲम्प्लिफायरमुळेच बसतोय असं दिसलं तर तो स्टँडबायवर (सिग्नल न वाढवता नुसता पुढे जाऊ देईल असा) ठेवा. आवाज बसल्यावर ट्रान्सीव्हरची पॉवर ५ ते १० वॉटवर आणून, मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर क्षणभर कॅरिअर (आवाजाविना नुसता सिग्नल) द्या. स्टँडबायमध्ये रिले हलत नाही. तरीही ऐकू यायला लागलं, तर कॅरिअरने थर फोडला आणि हा कॉन्टॅक्टवरच्या थराचाच प्रकार आहे असं समजा. कॅरिअरने फरक पडत नाही, पण रिलेची टकटक झाल्यावरच आवाज येतो, असं असेल तर संशय यांत्रिक गोष्टींवर घ्या: सैल स्प्रिंग, तुटत आलेली लवचिक वायर, तडकलेला सोल्डर, कॉन्टॅक्टमध्ये अडकलेला कचरा. मिनिटभराची चाचणी आहे, पण पुढचे दोन तास वाचवते.

झाकण उघडण्याआधी एक गोष्ट, आणि ही नीट वाचल्याशिवाय पुढे सरकू नका. ट्यूबच्या लिनिअरमध्ये २ ते ३ हजार व्होल्टचा सप्लाय असतो आणि कपॅसिटर बँकेत माणूस मारायला पुरेल एवढी ऊर्जा साठते. नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा आणि तुमच्या नजरेसमोर ठेवा. ब्लीडर रेझिस्टर कपॅसिटर रिकामे करतात खरे, पण जळालेला ब्लीडर बाहेरून धडधाकट दिसतो. पॅनेलवरचं मीटर शून्य दाखवतंय यावरही विसंबू नका, मीटरच्या मालिकेतला रेझिस्टरही तुटलेला असू शकतो. काही मिनिटं थांबा, मग लांब इन्सुलेटेड दांड्याच्या डिस्चार्ज स्टिकने हाय व्होल्टेज आधी रेझिस्टरमधून आणि मग थेट चॅसिसला टेकवा. काम संपेपर्यंत शॉर्टची क्लिप तिथेच राहू द्या, आणि झाकण लावण्याआधी ती काढायची आठवण म्हणून प्लगला चिठ्ठी बांधा. झाकणाचा इंटरलॉक (झाकण उघडलं की वीज तोडणारा स्विच) काडी खुपसून फसवायचा नाही. मी हे केलेली माणसं पाहिली आहेत, त्यातल्या एकाच्या हातावर व्रण आहे.

यात एक गंमत आहे. ॲम्प्लिफायरचा प्लग काढलेला असला तरी रिसिव्हचा मार्ग शाबूत असतो, कारण रिले सुटलेल्या अवस्थेतच रिसिव्हवर असतो. त्यामुळे दोष शोधायला ॲम्प्लिफायर जिवंत असण्याची गरजच नाही. ट्रान्सीव्हरची पॉवर शून्यावर आणा, माइक आणि मोर्सची की काढून ठेवा, एखादं स्थिर, कमजोर स्टेशन लावा आणि प्लास्टिकच्या काडीने रिलेचं आर्मेचर (चुंबकाने ओढला जाणारा हलता भाग) परतीच्या दिशेने हलकेच दाबा. दोन वेगळे रिले असतील, एक इनपुटचा आणि एक आउटपुटचा, तर दोन्हींचे कॉन्टॅक्ट रिसिव्हच्या वाटेत एकामागोमाग येतात. ज्याला स्पर्श केल्यावर स्टेशन उसळी मारतं तो तुमचा रोगी. त्याच काडीने रिलेकडे जाणाऱ्या वायरी आणि सोल्डरचे सांधेही टोचून बघा. पीसीबीवर (छापील सर्किट बोर्डवर) बसवलेल्या जड रिलेच्या पिनांभोवती ठोक्याठोक्याने सोल्डरला गोल भेग पडते, आणि ती भिंगाशिवाय दिसत नाही.

आता सफाई. उघड्या बांधणीच्या रिलेसाठी कोऱ्या, न गुळगुळीत बाँड पेपरची नखभर रुंदीची पट्टी कापा. तिचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलं करा. आर्मेचर किंचित उचलून पट्टी नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टच्या मध्ये सरकवा, आर्मेचर सोडून द्या आणि स्प्रिंगच्याच दाबाखाली पट्टी सरळ ओढून काढा. पहिल्या ओढीत कागदावर काजळासारखी रेघ उमटेल. पट्टीची जागा बदलत राहा. चौथ्या-पाचव्या ओढीला रेघ राखाडी होते, मग पुसट, मग नाही. शेवटच्या दोन ओढी कोरड्या कागदाच्या, आणि मग भिंगाखाली बघून कागदाचा एकही तंतू मध्ये राहिला नाही याची खात्री करा. तंतू राहिला तर आधीपेक्षा वाईट अवस्था होते. दुसऱ्या बाजूच्या, म्हणजे ट्रान्समिटच्या कॉन्टॅक्टसाठी आर्मेचर बोटाने हलकं दाबून हेच करा. जोर लावला तर पानपट्टी (कॉन्टॅक्ट धरणारी धातूची लवचिक पट्टी) वाकते आणि दाबाचं सगळं गणित बिघडतं. कॉन्टॅक्ट चकचकीत दिसायलाच हवा असा हट्ट धरू नका. सल्फाइड गेलं की पुरे, किंचित काळसर चांदी काम व्यवस्थित करते.

स्प्रेचा कॉन्टॅक्ट क्लीनर मी रिलेवर थेट मारत नाही. तो धूळ आतल्या बिजागरीत नेऊन बसवतो, आणि तेलकट प्रकारचा असेल तर पुढच्या ठिणगीला त्याचा कार्बन होतो. वापरायचाच तर कागदाच्या पट्टीवर थेंबभर. बिजागरीला तेल तर अजिबात नको. अल्कोहोल वापरलं असेल तर ते पूर्ण उडून गेल्याशिवाय वीज लावू नका.

पॉलिश पेपर का नको, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. सुरुवातीच्या काळात मी एका छोट्या रिलेचे कॉन्टॅक्ट नखं घासायच्या कानशीने छान चमकवले होते. दोन आठवडे रिसिव्ह उत्तम होता, आणि नंतर पूर्वीपेक्षा दुप्पट वेगाने बिघडायला लागला. त्या कॉन्टॅक्टवर सोन्याचा पातळ मुलामा होता, मायक्रोव्होल्टांसाठी तोच खरा कामाचा, आणि तो मी दोन मिनिटांत भुगा करून फुंकून टाकला होता. घासकागदाचे कणही मऊ चांदीत रुततात, आणि त्यांच्यावर टेकलेला कॉन्टॅक्ट कधी जोडतो, कधी नाही. खोल खड्डे पडलेल्या जाड चांदीच्या पॉवर कॉन्टॅक्टवर, रिले बदलून मिळत नसेल तेव्हाच, बर्निशिंग टूलचा (कॉन्टॅक्ट घोटायच्या पातळ पट्टीचा) हात फिरवणं मी समजू शकतो. तेही काही दिवस ढकलण्यापुरतं.

सफाईनंतर मोजून बघायचं असेल तर साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर जाऊ नका, त्यात लीडचाच रेझिस्टन्स जास्त असतो. बेंच सप्लायवर १ अँपिअरची मर्यादा लावून करंट कॉन्टॅक्टमधून पाठवा आणि वेगळ्या दोन लीडनी कॉन्टॅक्टच्या अगदी मुळाशी मिलिव्होल्ट मोजा. जितके मिलिव्होल्ट तितके मिलिओहम. काही दहा मिलिओहम ठीक, १०० च्या वर गेलं तर काळजीचं. १०० मिलिओहमवर साडेचार अँपिअर वाहिले की त्या टिचभर पानपट्टीत २ वॉट उष्णता होते. एका आकड्यावर समाधान मानू नका. रिले दहा वेळा चालू-बंद करून दहा आकडे घ्या, ते एकमेकांजवळ आले तरच कॉन्टॅक्ट निरोगी. अर्थात ही चाचणी ट्रान्समिटच्या बाजूची, कारण १ अँपिअर स्वतःच थर फोडतो. थर तपासायचा तर चाचणीचं उघडं व्होल्टेज २० मिलिव्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नसतं. घरच्या बेंचवर मला कमजोर स्टेशन आणि एस-मीटर हेच त्यासाठी सोपं पडतं.

इथवर थराची गोष्ट झाली. कॉन्टॅक्टवर काळ्या थराऐवजी खड्डे, वितळलेले मणी किंवा आजूबाजूच्या बेसवर काजळी दिसली, तर मामला वेगळा आहे. तिथे ठिणगी पडतेय, आणि कारण शोधल्याशिवाय नवा रिले बसवलात तर तोही त्याच वाटेने जाईल.

माझ्याकडे एकदा तिसरा रिले जळालेला लिनिअर आला. मालकाने दर वेळी आधीपेक्षा मोठा रिले बसवला होता. दोष रिलेत नव्हताच. उघड्या बांधणीचा मोठा रिले बंद व्हायला १० ते २० मिलिसेकंद घेतो, वर काही मिलिसेकंद कॉन्टॅक्ट उड्या मारतात. काही ट्रान्सीव्हर पीटीटीनंतर १० मिलिसेकंदांच्या आतच आरएफ (रेडिओ सिग्नल) सोडतात. म्हणजे कॉन्टॅक्ट हवेत असतानाच ड्राइव्ह (ट्रान्सीव्हरने ॲम्प्लिफायरला दिलेली पॉवर) येऊन थडकतो. आउटपुट रिले जोडला गेलेला नाही, टँक सर्किटवर (आउटपुटच्या ट्यून केलेल्या सर्किटवर) लोड नाही, व्होल्टेज चढतं आणि ते कुठेतरी उडी मारणारच: रिलेत, बँड स्विचमध्ये, नाहीतर ट्यून कपॅसिटरच्या पात्यांत. मोठा रिले म्हणजे आणखी सुस्त रिले, त्यामुळे त्या गृहस्थांनी दर वेळी आजार वाढवला होता. ट्रान्सीव्हरच्या मेनूत ट्रान्समिट डिले २५ मिलिसेकंद केला, नवा रिले बसवला, प्रकरण मिटलं.

क्रम असा हवा: आधी आउटपुट रिले अँटेनाला जोडला जावा, मग इनपुटचा, मग ट्यूबला बायस (ती चालू करणारं व्होल्टेज) मिळावा आणि शेवटी आरएफ. सुटताना बरोबर उलट. सोडतानाची बाजू लोक विसरतात. सीडब्ल्यूवर (मोर्सवर) सेमी ब्रेक-इनचा, म्हणजे की सोडल्यावर आपोआप रिसिव्हवर येण्याचा, विलंब फार कमी ठेवला तर शेवटच्या डिटची (टिंबाची) शेपटी वाहत असतानाच रिले उघडतो. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये तर ही चैनच नाही. तिथे काही मिलिसेकंद अँटेना गायब झाली तर एलडीमॉस (त्यातला पॉवर ट्रान्झिस्टर) जाऊ शकतो, आणि त्यापुढे रिलेचा खर्च किरकोळ वाटतो.

वेळ मोजायला दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप सगळ्यात बरा. नसेल तर काढून ठेवलेला रिले बेंचवर घ्या आणि कॉम्प्युटरच्या लाइन इनपुटवर रेकॉर्ड करा: एका चॅनेलला कॉइलचं व्होल्टेज, दुसऱ्याला कॉन्टॅक्टमधून आलेली दीड व्होल्टची बॅटरी, दोन्ही रेझिस्टरने विभागून खाली आणलेली. ४८,००० सॅम्पलच्या रेकॉर्डिंगमध्ये एक मिलिसेकंद म्हणजे ४८ ठिपके, उड्यासुद्धा मोजता येतात. हे १२ किंवा २४ व्होल्टच्या कॉइलसाठीच. जुन्या लिनिअरच्या १०० व्होल्टच्या पुढच्या कॉइलला कॉम्प्युटर जोडू नका.

त्या जुन्या कॉइलवरून आठवलं. हीथकिट एसबी-२२० सारख्या लिनिअरच्या की-जॅकवर (जिथून ट्रान्सीव्हर त्याचा रिले चालवतो) सुमारे १२० व्होल्ट डीसी असतात. एसबी-२०० मध्ये ते ऋण असतात. ते बनले तेव्हा ट्रान्सीव्हर हे व्होल्टेज रिलेच्या कॉन्टॅक्टने तोडत. आजच्या ट्रान्सीव्हरमधला इवलासा ट्रान्झिस्टर पहिल्याच पीटीटीला मरू शकतो. मध्ये कीइंग इंटरफेस घाला आणि पोलॅरिटी मोजून मगच जोडा. कमी व्होल्टेजच्या कॉइलवरही उलटा डायोड आहे ना ते बघा, नाहीतर सुटताना कॉइल शेकडो व्होल्टचा झटका परत फेकते. नुसत्या डायोडने रिले सुटायला उशीर होतो. डायोडच्या मालिकेत उलट्या दिशेने कॉइलच्या व्होल्टेजएवढा झेनर डायोड टाकला की बराचसा वेग परत मिळतो. मात्र कीइंग ट्रान्झिस्टरला तेव्हा सप्लाय आणि झेनर यांची बेरीज सोसावी लागते, एवढं लक्षात असू द्या.

रिले गुरगुरत असेल किंवा थरथरत असेल तर कॉन्टॅक्टकडे बघूच नका, सप्लायचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेला असणार. आणि थंड असताना ठीक, तास-दोन तास जोरात चालवल्यावर ओढायला कुचराई, असा प्रकार असेल तर तांब्याचा गुणधर्म आठवा. अंशामागे सुमारे ०.३९ टक्के रेझिस्टन्स वाढतो, म्हणजे कॉइल ४० अंशांनी तापली की १६ टक्क्यांच्या आसपास. १२ व्होल्टचा जो रिले थंडीत ९ व्होल्टला ओढला जातो त्याला तेव्हा जवळजवळ साडेदहा लागतात. तोवर सप्लायही दमलेला असतो. अर्धवट ओढलेला रिले म्हणजे कॉन्टॅक्टवर अर्धा दाब, आणि मग ठिणग्या.

हलत्या पानाकडे जाणारी गुंफलेली वायर स्वतंत्रपणे तपासा. मोठ्या रिलेत ती हजारो वेळा वाकते आणि बरोबर सोल्डर जिथे संपतो तिथे तिचे तंतू एकेक करून तुटतात, बहुतेकदा स्लीव्हच्या आत. स्लीव्ह मागे सरकवल्यावर पाच-सहा तंतूंवर लोंबकळणारी वायर मी पाहिली आहे. बदलताना तशीच मऊ, बारीक तंतूंची घ्या आणि सोल्डर वर चढू देऊ नका, चढला की तिथे वायर कडक होऊन पुन्हा तुटते. बेसवर ठिणगीची काळी वाट उमटली असेल तर नुसती पुसून चालत नाही, कार्बन वीज नेतो. खरवडून स्वच्छ पदार्थापर्यंत जा, नाहीतर रिले टाकून द्या. तपकिरी-निळसर पडलेली पानपट्टीही तशीच, तिचा ताण गेलेला असतो.

प्लास्टिकच्या डबीत बंद असलेले रिले दुरुस्तीच्या भानगडीत न पडता बदलावेत. बदलताना डबीवर छापलेल्या अँपिअरवर भुलू नका, तो आकडा घरगुती विजेसाठीचा आहे. १००० वॉटला एसडब्ल्यूआर (अँटेना लाइनशी किती जुळत नाही याचं माप) ३ झाला तर लाइनवरच्या जागेप्रमाणे करंट पावणेआठ अँपिअरपर्यंत किंवा व्होल्टेजचं शिखर साडेपाचशेच्या आसपास जाऊ शकतं. तेव्हा उघड्या कॉन्टॅक्टमधलं अंतर, त्यांची व्होल्टेज सहनशक्ती आणि बंद व्हायचा वेळ, हे तीन आकडे डेटाशीटमध्ये शोधा. दोन कॉन्टॅक्ट समांतर जोडल्याने करंट वाटला जातो, पण ते एकाच क्षणी जुळत नाहीत, त्यामुळे ठिणगी एकालाच खावी लागते. इनपुटच्या रिलेला सोन्याचा मुलामा असलेला प्रकार उत्तम, कारण तिथे पॉवर कमी असते. आउटपुटला ठिणगी पडली की मुलामा उडून जातो.

व्हॅक्यूम रिले वेगवान असतात, काही मिलिसेकंदांत काम उरकतात, आणि त्यांची सफाई करता येत नाही. काचेवर ताण येऊ नये म्हणून जोडण्या लवचिक तांब्याच्या पट्टीने करा. तांब्याचे कॉन्टॅक्ट असलेले प्रकार करंट वाहायला आहेत, तोडायला नाहीत. त्यांच्यावर एकदा जरी ड्राइव्ह चालू असताना कॉन्टॅक्ट उघडला तरी नुकसान होतं. ट्रान्समिटला आत निळसर प्रकाश दिसला की व्हॅक्यूम गेला असं समजा.

तुमच्या लिनिअरबद्दल बोलायचं तर कागदाच्या पट्टीने सुरुवात करा आणि त्याच बैठकीत ट्रान्समिट डिले तपासा. झाकण लावल्यावर आधी डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर), अर्ध्या ड्राइव्हने. मग अँटेना लावून एखाद्या कमजोर स्टेशनवर एस-मीटरचं रीडिंग ॲम्प्लिफायरसह आणि त्याच्याशिवाय घेऊन झाकणाच्या आत पेन्सिलने तारखेसह लिहून ठेवा. महिन्या-दोन महिन्यांत फरक पुन्हा दिसायला लागला तर स्प्रिंगने दाब सोडलाय, आणि मग तुमच्या दुसऱ्या मित्राचं ऐका.